फुली, ओनामा आणि 'क्रिसक्रॉस'

भाषांतराचे काम करणाऱ्या माणसाला ओळखीचे लोक एक प्रश्न हमखास विचारतात : तुम्हांला सर्वांत अवघड शब्द कोणते वाटतात? विचारणाऱ्याची अपेक्षा अशी असते की, कायद्यातील, अर्थशास्त्रातील किंवा विज्ञानातील एखादा लांबलचक शब्द मी सांगावा. वस्तुतः असे भारदस्त शब्द फारसा त्रास देत नाहीत. त्यांच्यासाठी परिभाषाकोश असतात, ठरलेले प्रतिशब्द असतात. आणि ते नसले तरी संस्कृतच्या भांडारातून काहीतरी घडवून घेता येते. अडवतात ते लहान शब्द. जे मूल आईच्या मांडीवर शिकते आणि जे पुढे जन्मभर कोणी कोशात पाहत नाही, असे घरगुती शब्दच भाषांतरकाराच्या वाटेत ठाण मांडून बसतात. इंग्रजीतील 'क्रिसक्रॉस' हा त्यांपैकी एक.

हा शब्द आपल्यापैकी पुष्कळांच्या कानांवरून गेलेला असेल. त्याचा अर्थ सोपा आहे. रेषा, दोरे, तारा, वाटा किंवा पट्टे एकमेकांना छेदून जात असले आणि त्या छेदण्यातून एखादी नक्षी किंवा जाळे तयार झालेले असले, की इंग्रजी बोलणारा त्याला 'क्रिसक्रॉस' म्हणतो. मोठ्या स्टेशनाबाहेरचे रूळ क्रिसक्रॉस असतात, वृद्धाच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या क्रिसक्रॉस असतात, सुंभाच्या बाजेची वीणही तशीच असते. एखादा प्रवासी देशभर चहूकडे फिरला, तर त्याने देश 'क्रिसक्रॉस' केला असेही म्हणतात. म्हणजे हा शब्द नाम होतो, विशेषण होतो आणि क्रियापदही होतो. इंग्रजीला त्यासाठी प्रत्यय लागत नाही.

मराठीत आणताना मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळी सोय करावी लागते. रुळांचे आणि सुरकुत्यांचे आपण 'जाळे' करतो. कापडाचे धागे 'उभेआडवे' असतात. मुलाने पाटीवर ओढलेल्या रेघा 'आडव्यातिडव्या' असतात. दोन रस्ते मिळाले की 'चौफुली' होते. भरतकामात टाका 'फुलीचा' असतो. आणि धारवाडकडील कसुतीच्या भरतकामात याच टाक्याला मेथीच्या दाण्यावरून नाव पडले आहे. एका इंग्रजी शब्दासाठी आपल्याकडे असे सात-आठ शब्द निघतात. यात मराठीचे दारिद्र्य आहे असे मला वाटत नाही. आपण रेषा कशाच्या आहेत हे पाहून शब्द निवडतो, इंग्रज माणूस त्या एकमेकींना कशा भेटतात एवढेच पाहतो. दोन्ही पाहण्याच्या रीती आहेत.

पण मला आज आपणांशी बोलावयाचे आहे ते या शब्दाच्या अर्थाविषयी नव्हे, तर त्याच्या जन्माविषयी. कारण त्याची कथा आपल्या घरांतल्या एका गोष्टीशी येऊन भिडते.

प्रथमदर्शनी कोणासही वाटेल की, यात शोधण्यासारखे काय आहे? 'क्रॉस' म्हणजे फुली; तिला तालासाठी मागे 'क्रिस' जोडला. इंग्रजीत असे जोडशब्द विपुल आहेत. घड्याळाचे 'टिक-टॉक', घंटेचे 'डिंग-डाँग', नागमोडी रस्त्याचे 'झिगझॅग', रिकाम्या गप्पांचे 'चिट-चॅट'. या सर्वांत एक शिस्त आहे : आधी 'इ'चा स्वर येतो, मागून 'ऑ' किंवा 'ॲ'. इंग्रजाच्या जिभेला हा क्रम इतका सवयीचा आहे की, 'टॉक-टिक' असे त्याला म्हणवणारच नाही. मराठीलाही अशी हौस आहे. 'टापटीप', 'ठाकठीक', 'धामधूम' हे शब्द आपण उच्चारून पाहा. आपल्याकडे 'आ' आधी येतो आणि 'ई' किंवा 'ऊ' मागून. प्रत्येक भाषा आपल्या पायांतले घुंगरू आपल्या पद्धतीने बांधते.

तेव्हा 'क्रिसक्रॉस' हाही असाच नादासाठी घडवलेला शब्द असावा, ही समजूत स्वाभाविक आहे. खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांचीही हीच समजूत आहे. पण ती खरी नाही. या शब्दातला 'क्रिस' हा नादापुरता आलेला नसून तो 'ख्राइस्ट' आहे. मूळ शब्द 'ख्राइस्ट-क्रॉस', म्हणजे ख्रिस्ताचा क्रूस. पंधराव्या शतकातील इंग्रजीत तो आढळतो आणि त्यावेळी त्याचा जाळ्याशी किंवा नक्षीशी काहीएक संबंध नव्हता. त्याचा संबंध होता लहान मुलांच्या शिक्षणाशी.

इंग्लंडात पंधराव्या शतकापासून अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मुले ज्या साधनावर अक्षरे शिकत, त्याचे नाव 'हॉर्नबुक', म्हणजे शिंगाचे पुस्तक. नाव पुस्तकाचे असले तरी त्यात पाने नसत. ती एक लहानशी लाकडी फळी असे, खाली धरावयास मूठ असलेली. आकार साधारण आपल्याकडील धोपटण्यासारखा, पण मुलाच्या हातात मावेल एवढा. फळीवर कागदाचा किंवा चर्मपत्राचा एकच तुकडा लावलेला असे. कागद महाग आणि मुलांचे हात मळके; म्हणून त्यावर प्राण्याच्या शिंगाचा पातळ, पारदर्शक पापुद्रा बसवीत. शिंग पाण्यात भिजवून, उष्णतेने मऊ करून, दाबून सपाट करीत आणि मग त्याचे पातळ पदर सोलून काढीत. काच दुर्मीळ होती त्या काळी कंदिलांनाही अशीच शिंगाची तावदाने लावीत. मुठीला भोक पाडून त्यात दोरी ओवलेली असे, आणि मूल ते 'पुस्तक' कमरेला अडकवून हिंडत असे.

त्या एका पानावर किती मजकूर असे? पहिल्या ओळीत मुळाक्षरे. मग स्वर. मग स्वर आणि व्यंजने जुळवून केलेल्या लहान लहान जोड्या, 'अॅब, एब, इब, ऑब, उब' अशा; आपल्या बाराखडीची ही इंग्लिश चुलत बहीणच म्हणावयाची. त्याखाली पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने केलेले वंदन, आणि शेवटी येशूने शिकवलेली प्रार्थना. मुळाक्षरे लवकर गळी उतरावीत म्हणून आल्याच्या गोड भाकरीवर हॉर्नबुकाचा साचा उठवून ती मुलांना देण्याचीही रीत होती. अक्षर ओळखले की खाल्ले! आजच्या बालशिक्षणतज्ज्ञांनाही ही युक्ती नापसंत होणार नाही.

या पानावरील अगदी पहिले चिन्ह 'ए' हे अक्षर नसे. 'ए'च्याही आधी, ओळीच्या आरंभी, एक लहानसा क्रूस छापलेला असे. मूल वाचावयास लागे तेव्हा त्या क्रुसावर बोट ठेवून प्रथम त्याचे नाव घेई, ख्रिस्ताच्या क्रुसाने मला साह्य करावे अशा अर्थाचे एक वाक्य म्हणे आणि मगच 'ए, बी, सी' सुरू होई. त्यामुळे या क्रुसाला 'ख्राइस्ट-क्रॉस' हे नाव पडले आणि त्याच्या मागोमाग येणाऱ्या अक्षरांच्या ओळीला 'ख्राइस्ट-क्रॉस-रो', म्हणजे क्रुसाची ओळ. हळूहळू या नावाचा अर्थच 'मुळाक्षरे' असा झाला. आखूड करून नुसते 'क्रॉस-रो' असेही म्हणत. शेक्सपिअरच्या 'रिचर्ड तिसरा' या १५९७ साली प्रथम छापल्या गेलेल्या नाटकात, पहिल्याच प्रवेशात हा शब्द येतो. राजाला कोणा मांत्रिकाने सांगितले आहे की, 'जी' या अक्षरापासून तुझ्या वंशाला धोका आहे. राजाच्या एका भावाचे नाव जॉर्ज. म्हणून त्याला तुरुंगात पाठवतात. तो बिचारा सांगतो की, राजाने 'क्रॉस-रो'मधून नेमके हेच अक्षर वेचून काढले. खरा धोका ग्लॉस्टरचा ड्यूक असलेल्या दुसऱ्या भावापासून असतो, आणि 'ग्लॉस्टर'चेही पहिले अक्षर तेच!

ओळीच्या आरंभाप्रमाणे तिच्या शेवटातूनही एक शब्द निघाला. अक्षरे संपली की ओळीच्या टोकाला 'अँड' या शब्दासाठी वापरतात ते गाठ मारल्यासारखे चिन्ह असे. जे एकच चिन्ह म्हणजे पूर्ण शब्द आहे त्याच्यापुढे 'पर से', म्हणजे लॅटिनमध्ये 'स्वतःच', असे म्हणण्याची पाठशाळेतील पद्धत होती. त्यामुळे मुले शेवटी घोकत : 'अँड, पर से, अँड'. पिढ्यानपिढ्या भरभर घोकून त्याचे 'अँपरसँड' झाले आणि एकोणिसाव्या शतकात हेच त्या चिन्हाचे रीतसर नाव म्हणून कोशात जाऊन बसले. मुलांच्या घोकंपट्टीने भाषेला असे दोन शब्द दिले, एक ओळीच्या डोक्याकडचा आणि एक शेपटाकडचा.

आता 'ख्राइस्ट'चा 'क्रिस' कसा झाला ते पाहू. जोडशब्दात अडकलेला दीर्घ उच्चार आखूड होण्याची इंग्रजीला खोड आहे. 'ख्राइस्ट' या नावाचा 'ख्रिसमस'मध्ये 'ख्रिस' होतो, हे आपणांस ठाऊकच आहे; आणि त्यातला 'ट' लिहिला जातो, पण बोलला जात नाही. तीच गत येथे झाली. लिहिणारे 'ख्राइस्ट-क्रॉस' लिहीत राहिले आणि बोलणारे 'क्रिसक्रॉस' बोलत राहिले. पुढे हॉर्नबुके नाहीशी झाली, छापील प्राथमिक पुस्तके स्वस्त झाली, आणि 'क्रिस' म्हणजे कोण याची आठवण देणारी वस्तूच मुलांच्या हातातून गेली. मग उरले दोन जुळणारे आवाज. ऐकणाऱ्यांना ते 'टिक-टॉक'च्या जातीचे वाटले, आणि फुल्यांवर फुल्या पडून जे जाळे होते त्याला हा शब्द चिकटला. एकमेकांस छेदत जाणे या अर्थाच्या क्रियापदाची नोंद १८१८ पासून मिळते. पुढे आपल्या फुलीगोळ्यासारखा जो खेळ तिकडची मुले खेळतात, त्यालाही काही काळ 'क्रिसक्रॉस' म्हणत.

शब्दाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाचाही प्रवास लहान नाही. क्रुसासाठी जुन्या इंग्रजीत 'रूड' हा अस्सल घरचा शब्द होता. एडिंबरो येथील होलीरूड राजवाड्याच्या नावात तो अजून शिल्लक आहे. 'क्रॉस' हा पाहुणा. मूळ लॅटिन 'क्रुक्स', तेथून आयर्लंडातील धर्मोपदेशकांच्या भाषेत, तेथून समुद्रावर संचार करणाऱ्या नॉर्स लोकांच्या भाषेत आणि त्यांच्याबरोबर उत्तर इंग्लंडात. पाहुणा आला आणि घरचा मालक झाला. भाषांच्या घरांत असे वारंवार घडते.

ज्या काळात हा शब्द जाळ्याच्या अर्थाने रूढ होत होता, त्या काळच्या इंग्लंडात त्याचे एक सुंदर उदाहरण घरोघर टपालाने येत असे. १८४० पूर्वी पत्राचे हशील किती कागद आहेत आणि पत्र किती दूर जावयाचे आहे यावर ठरे, आणि ते बहुधा पत्र घेणाऱ्याला भरावे लागे. दुसरा कागद जोडला की खर्च वाढला. म्हणून लोक काय करीत? एक पान भरले की ते आडवे फिरवीत आणि आधीच्या ओळींवरूनच काटकोनात पुन्हा लिहीत. जेन ऑस्टिनच्या 'एमा' या कादंबरीतील मिस बेट्स आपल्या भाचीच्या अशाच पत्रांचे कौतुक सांगते. अशी जपून ठेवलेली पत्रे पाहिली तर प्रथम केवळ जाळी दिसते. पण नजर एका दिशेने स्थिर केली की एक मजकूर उमटतो आणि पान फिरवले की दुसरा. १८४० मध्ये रोलंड हिल यांच्या योजनेनुसार एक पेनीचे समान टपालहशील सुरू झाले, तेव्हा या सक्तीच्या काटकसरीचे कारण उरले नाही. दूर गेलेल्या मुलीला सर्व काही सांगावयाचे आहे आणि कागद एकच आहे, ही अडचण कोणत्या देशातील आईला समजणार नाही?

पण वाचकहो, या शब्दाची कथा वाचताना मला सर्वांत जवळची वाटली ती गोष्ट वेगळीच आहे. अक्षरांच्या आधी देवाचे नाव, आणि मग ते नावच झिजून रोजच्या बोलण्यातला शब्द होणे, हे आपल्याला नवे नाही. आपण एखाद्या कार्याचा 'ओनामा' केला असे म्हणतो. हा ओनामा म्हणजे काय? पूर्वी मुलाच्या हाती धूळपाटी देऊन अक्षरे गिरवून घेण्यापूर्वी 'ॐ नमः सिद्धम्' असे म्हणवून घेत. मुलाला संस्कृत कोठून येणार? त्याच्या तोंडी त्याचे 'ओनामासिधं' झाले आणि त्यातून 'ओनामा' हा शब्द सुटून निघाला. आज तो वापरणाऱ्याला त्यात नमस्कार आहे याची जाणीव असतेच असे नाही. 'श्रीगणेशा' करणारालाही तेवढ्यापुरता गणपती आठवतोच असे नाही.

आपल्यापैकी जे महाराष्ट्राबाहेर राहतात त्यांना आपापल्या शेजारीही हेच दिसेल. हैदराबादेकडील वाचकांनी तेलुगू शेजाऱ्यांकडून 'ओनमालु' हा शब्द ऐकला असेल. तेथे तो मुळाक्षरांचेच नाव आहे आणि 'ॐ नमः शिवाय' या मंत्राशी त्याचे नाते आहे. केरळात विजयादशमीला मूल तांदळावर बोटाने 'हरिश्री' गिरवते, आणि कोणत्याही आरंभाला मल्याळी माणूस 'हरिश्री' म्हणतो. उर्दू बोलणाऱ्या घरांत मुलाच्या शिक्षणाची सुरुवात 'बिस्मिल्ला'ने होते, आणि कामाचीही 'बिस्मिल्ला' केली जाते. धर्म वेगळे, लिप्या वेगळ्या. पण पहिल्या अक्षरापूर्वी हात जोडावेत असे सर्वांनाच वाटले. विद्या ही आपली एकट्याची कमाई नव्हे, ती कोणाकडून तरी मिळते, हा भाव त्यामागे असावा. फरक एवढाच की, आपल्याकडे त्या नमस्काराचा अर्थ 'आरंभ' असा झाला आणि इंग्लंडात त्याचा अर्थ 'गुंतागुंतीची नक्षी' असा झाला. आपण नमस्काराचे काम लक्षात ठेवले, त्यांनी त्याची आकृती.

या फुलीला आणखी एक बाजू आहे आणि ती तितकी सुखाची नाही. ज्या क्रुसावर बोट ठेवून इंग्लंडातील मूल अक्षरे शिकू लागे, त्याच क्रुसाची खूण अक्षरे न शिकलेला प्रौढ मनुष्य सहीऐवजी कागदावर करी. तेथे १७५४ पासून लागू झालेल्या विवाह कायद्याने वधूवरांनी नोंदवहीत सही करणे आवश्यक केले. ज्यांना लिहिता येत नसे ते फुली काढीत. त्या वह्या पुढे इतिहासकारांना मोलाच्या ठरल्या, कारण किती जणांनी नाव लिहिले आणि किती जणांनी फुली काढली हे मोजले की देशाची साक्षरता अजमावता येते. १८४०च्या सुमारास शंभरातील साधारण ३३ वर आणि ४९ वधू फुली काढीत होत्या. १९०० साली ही संख्या तिघांच्या आसपास आली. साठ वर्षांत एका देशाच्या वह्यांतून फुल्या जवळजवळ नाहीशा झाल्या.

आपल्याकडे मराठेशाहीतील कागदांवर पाटलाच्या नावापुढे नांगर काढलेला असे आणि बलुतेदार आपापल्या हत्याराची आकृती काढीत. जो तो आपल्या धंद्याने ओळखला जाई. पुढे इंग्रजी अमलात अंगठा आला. बंगालमधील जंगीपूर येथे १८५८ साली विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका ठेकेदाराच्या करारावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला, तेथून बोटांच्या ठशांच्या सरकारी वापराला सुरुवात झाली. ज्याला नाव लिहिता येत नाही त्याच्या बाबतीत 'सही' या शब्दात 'निशाणी'चाही समावेश होतो, असे १८९७च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमातच म्हटले आहे. कायद्याने कोणाला दाराबाहेर ठेवले नाही, हे चांगलेच झाले. पण अंगठा उठवणाराच्या मनात काय येत असेल, हे कायद्याच्या पुस्तकात मिळत नाही.

ते मी माझ्या आजीच्या चेहऱ्यावर पाहिले आहे. ती शाळेत गेली नव्हती. दर महिन्याला तिला एका कचेरीत जाऊन पैसे घ्यावे लागत, आणि लहानपणी मी कधी कधी तिच्याबरोबर जात असे. कारकून कागदावर पेन्सिलीने बारीकशी फुली काढून देई, "आजीबाई, इथे" म्हणे, आणि शाईची डबी पुढे सरकवी. आजी फुलीशेजारी डाव्या हाताचा अंगठा उमटवी. मग घरी पोचेपर्यंत तो अंगठा पदराच्या टोकाने पुसत राही. शाई केव्हाच गेलेली असे. कारकून वाईट नव्हता. आवाजही चढवीत नसे. तरीही आजी त्या दिवशी नेहमीपेक्षा कमी बोले.

१९९० नंतरच्या त्या दशकात आमच्या वस्तीत साक्षरतेचे वर्ग निघाले. संध्याकाळी, स्वयंपाक आटोपून, बायका कंदिलाच्या नव्हे पण मिणमिणत्या दिव्याच्या उजेडात बसत. आजी जाऊ लागली. तिला पुस्तक वाचावयाचे नव्हते. तिला फक्त आपले नाव पाहिजे होते. त्या चार अक्षरांसाठी तिला पावसाळा पुरा लागला. एके दिवशी कारकुनाने नेहमीप्रमाणे फुली काढून डबी उघडली, तेव्हा तिने ती हळूच बाजूला सारली आणि पेन मागितले. अक्षरे मोठी आली, तिरकी आली, आणि दिलेल्या जागेत मावली नाहीत. ती त्या पेन्सिलीच्या फुलीवरूनच गेली आणि फुली त्यांच्याखाली दिसेनाशी झाली. कारकुनाने कागद उचलून पाहिला आणि "छान" एवढेच म्हटले. वाटेत आजीने मला विचारले, "आता मी मेले तरी ते नाव तिथं राहील ना गं?" मी राहील म्हटले.

१९५१च्या जनगणनेत आपल्या देशात शंभरातील सुमारे १८ माणसे साक्षर होती. २०११च्या जनगणनेत सुमारे ७३. या दोन आकड्यांच्या मध्ये किती शाईच्या डब्या बाजूला सारल्या गेल्या असतील, याची नोंद कोठेच नाही. आणि उरलेल्या सत्तावीसांत किती आज्या असतील, हेही विसरता येत नाही.

कोणी म्हणेल, शब्दाच्या मुळाशी ख्रिस्ताचे नाव आहे हे कळल्यावर भाषांतर करताना त्याची दखल घ्यावी काय? माझे उत्तर नाही असे आहे. रुळांचे जाळे हे रुळांचे जाळेच राहील. त्यात क्रूस आणणे म्हणजे 'ओनामा'चे इंग्रजी करताना सिद्धांना नमस्कार लिहिण्यासारखे होईल. शब्दाचे मूळ एक आणि त्याचा आजचा अर्थ एक. विद्वानांनी मुळाशी जाऊन घडवलेले शब्द प्रत्येक वेळी उपयोगी पडतातच असे नाही. याच छेदणाऱ्या रेषांसाठी इंग्रजीत 'डिकसेट' असा एक पंडिती शब्द आहे. रोमन लोक दहाचा आकडा फुलीसारखा लिहीत, त्यावरून तो बनला. १७५५ साली डॉ. जॉन्सन यांनी आपल्या प्रसिद्ध कोशात साध्या 'जाळ्या'ची व्याख्या करताना त्याची योजना केली. परिणाम असा झाला की, जाळे प्रत्येकाला माहीत होते आणि व्याख्या कोणालाच कळेना! लोक आजतागायत त्या व्याख्येला हसत आले आहेत. पंडितांचा शब्द वनस्पतिशास्त्राच्या आणि शरीरशास्त्राच्या पुस्तकांत राहिला. मुलांच्या तोंडी झिजलेला शब्द मात्र साऱ्या भाषेत पसरला.

म्हणून मूळ जाणून घ्यावे ते भाषांतरात घालण्यासाठी नव्हे. ते जाणून घ्यावे ते यासाठी की, शब्द हाताळताना हात जरा हलका राहावा. आपण जो शब्द सहज फेकतो तो कधी काळी कोणा मुलाचा पहिला धडा होता, कोणा आईच्या पत्राची घडी होती, कोणा निरक्षराची लाज होती.

आपल्या घरी लहान मूल असेल आणि ते अक्षरे गिरवू लागले असेल, तर त्याला एकदा ओनामा म्हणजे काय ते सांगा. शेजारी तेलुगू, मल्याळी, उर्दू किंवा इंग्रजी बोलणारे कुटुंब असेल, तर त्यांच्याकडे अक्षरांची सुरुवात कशाने होते ते विचारा. फार मोठे भाषाशास्त्र त्यातून निघणार नाही. पण वेगवेगळ्या दिशांनी आलेल्या वाटा एकमेकींना छेदतात तेव्हा तेथे चौफुली होते, आणि चौफुलीवर माणसे भेटतात, एवढे त्या मुलाला नक्की समजेल.